निदानाआधीचे उपचार : पॅरामेडिकची कार्यपद्धती आणि आपण

'पॅरामेडिक' या शब्दाला मराठीत अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही. शासकीय कागदपत्रांतून 'निमवैद्यकीय कर्मचारी' असा शब्द आढळतो. परंतु त्यात प्रयोगशाळेतील तंत्रज्ञापासून क्ष-किरण विभागातील सहायकापर्यंत सर्वांचाच समावेश होतो, आणि ज्याच्याविषयी येथे लिहावयाचे आहे तो माणूस त्या गर्दीत हरवून जातो. रुग्णालयाबाहेर, म्हणजे घरात, रस्त्यावर किंवा रेल्वेच्या फलाटावर, अत्यवस्थ रुग्णापाशी पोहोचणारा, त्याच्या जिवाला असलेला धोका ओळखून तेथल्या तेथे उपचार सुरू करणारा आणि ते वाटेत चालू ठेवून त्याला योग्य रुग्णालयात नेणारा प्रशिक्षित माणूस, एवढाच अर्थ प्रस्तुत लेखात अभिप्रेत आहे. म्हणून मूळ शब्दच ठेवला आहे.

हा माणूस हैदराबादकरांना परका नाही. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा भारतात सर्वप्रथम आपल्याच शहरातून, 15 ऑगस्ट 2005 रोजी सुरू झाली. मेडचल रस्त्यावरील देवरयामजाळ येथे तिच्या संस्थेचे केंद्र उभे राहिले आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने पॅरामेडिकांचे पद्धतशीर शिक्षणही तेथे सुरू झाले. 2007 साली ही सेवा गुजरातेत, तर 2008 साली गोवा व कर्नाटकात पोहोचली. महाराष्ट्रात 2014 साली 108 आली तेव्हा तेथे रुग्णवाहिकेत डॉक्टर नेमण्याचा निराळा मार्ग स्वीकारण्यात आला. दोन्ही पद्धतींचे समर्थक आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते गाडीत पदवीधर आहे की नाही यापेक्षा गाडीतील माणूस कोणत्या क्रमाने विचार करतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आणि हा लेख त्या क्रमाविषयीच आहे.

आपण डॉक्टर मंडळी ज्या शिस्तीत वाढलो तिचा क्रम सर्वांना तोंडपाठ असतो. प्रथम रुग्णाची हकीकत, मग तपासणी, मग चाचण्या, मग निदान आणि निदानानंतर उपचार. बाह्यरुग्ण विभागात हा क्रम उत्तम आहे. परंतु श्वास कोंडलेल्या माणसापुढे तो चालत नाही, कारण निदानापर्यंत पोहोचण्याइतका अवधी रुग्णापाशी नसतो. पॅरामेडिकचा क्रम याच्या नेमका उलट असतो. रुग्णाला काय झाले आहे हे तो प्रथम विचारीत नाही. याला सर्वांत आधी काय मारील, हे विचारतो. जे सापडेल त्यावर सापडताक्षणी उपचार करतो आणि मगच पुढच्या पायरीकडे वळतो. निदान बरेचदा रुग्णालयात, कित्येक तासांनी होते.

हा क्रम वैद्यकीय पदवीविना शिकवता येतो काय, अशी शंका एके काळी अमेरिकेतही घेतली जात असे. तिला उत्तर मिळाले पिट्सबर्ग शहरात. तेथील भूलतज्ज्ञ पीटर साफार यांनी कृत्रिम श्वसनाच्या आधुनिक पद्धतीचा पाया घातला होता. त्यांची स्वतःची लहान मुलगी 1966 साली दम्याच्या झटक्याने दगावली. पुढच्याच वर्षी त्यांनी 'फ्रीडम हाऊस' नावाच्या रुग्णवाहिका सेवेसाठी गरीब वस्तीतील कृष्णवर्णीय, बहुतांशी बेरोजगार अशा तरुणांना शिकवावयास घेतले. त्या काळी अनेक ठिकाणी रुग्णांना पोलिसांच्या गाडीतून किंवा चक्क शववाहिकेतून नेले जात असे. गाडीत उपचार ही कल्पनाच नव्हती. या तरुणांनी श्वासनलिकेत नळी घालण्यापर्यंत मजल मारली. पुढे नॅन्सी कॅरोलिन या डॉक्टरबाईंनी त्यांच्यासाठी घडवलेल्या अभ्यासक्रमावर अमेरिकेतील पॅरामेडिकांचे शिक्षण उभे राहिले. सेवा मात्र 1975 साली बंद पडली. नगरपालिकेने स्वतःची सेवा काढली आणि या अनुभवी मंडळींपैकी थोड्यांनाच तीत टिकता आले. त्याच सुमारास, म्हणजे 1966 साली, बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे विजेच्या झटक्याचे यंत्र रुग्णवाहिकेत बसवले होते. रुग्णाला यंत्रापाशी आणण्याऐवजी यंत्र रुग्णापाशी नेण्याची ती सुरुवात होती.

पहिला मिनिट

पॅरामेडिक दारात येतो तेव्हा रुग्णाला हात लावण्यापूर्वी तो जागेकडे पाहतो. विजेची तार तुटली आहे काय, गॅसचा वास येतो काय, रहदारी थांबली आहे काय? विजेचा धक्का बसलेल्या माणसाला उचलायला धावलेला दुसरा माणूसही त्याच्या शेजारी पडलेला आपण वर्तमानपत्रांतून वाचतो. मुख्य प्रवाह बंद करणे हाच तेथे पहिला उपचार असतो.

त्यानंतर तो रुग्णाशी बोलतो. "काय होतंय, काका?" हा प्रश्न सांत्वनासाठी नसतो. रुग्णाने पूर्ण वाक्यात उत्तर दिले, तर श्वासमार्ग मोकळा आहे, श्वास बोलण्यापुरता चालू आहे आणि मेंदूला पुरेसे रक्त पोहोचत आहे, या तीन गोष्टी एका वाक्यात कळतात. दोन-दोन शब्दांवर थांबून उत्तर आले, तर श्वसन संकटात आहे. उत्तर असंबद्ध आले, तर मेंदूकडे पाहावयास हवे. उत्तरच आले नाही, तर पुढचा क्रम धावत्या हाताने पार पाडावयाचा.

येथे आपल्या समाजापुरती एक सूचना करावीशी वाटते. हैदराबादेतील पॅरामेडिक तेलुगूत किंवा हिंदीत बोलेल. उभे आयुष्य या शहरात काढलेली आणि तिन्ही भाषा सहज बोलणारी आपली वडीलधारी माणसेही शुद्ध हरपत असताना पुष्कळदा केवळ मराठीत उत्तर देतात. ऐकणाऱ्याला ती बडबड वाटते. अशा वेळी घरातील एकाने रुग्णाच्या डोक्यापाशी राहून "ते बरोबर बोलत आहेत" किंवा "हे त्यांचे नेहमीचे बोलणे नव्हे" एवढे सांगावे. त्या एका वाक्याचे मोल मोठे आहे.

श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मेंदूची स्थिती आणि मग संपूर्ण शरीराची पाहणी, हा क्रम इंग्रजी 'ए' ते 'ई' या आद्याक्षरांनी जगभर शिकवला जातो. अपघातात रक्ताची धार लागली असेल तर ती या सर्वांच्या आधी थांबवावयाची, एवढी दुरुस्ती युद्धभूमीवरील अनुभवातून त्यात झाली. जखमेवर थेट व सतत दाब देणे हा तिचा उपाय. दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलून 'थांबले का' हे पाहण्याचा मोह आवरावा.

श्वासमार्गाविषयी अंमळ विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. बेशुद्ध होऊन उताण्या पडलेल्या माणसाची जीभ मागे सरकून घसा बंद करते. घोरण्यासारखा आवाज येतो आणि घरची मंडळी 'झोप लागली आहे' म्हणून निर्धास्त होतात. तो आवाज झोपेचा नसून अर्धवट बंद झालेल्या वाटेचा असतो. कपाळ मागे व हनुवटी वर करताच आवाज थांबतो आणि श्वास मोकळा होतो. कोणतेही औषध वा यंत्र लागत नाही. मार लागून मान दुखावल्याची शंका असेल तर मान न वळवता केवळ खालचा जबडा पुढे ओढतात. श्वास नीट चालू असलेल्या बेशुद्ध रुग्णाला कुशीवर निजवावे, म्हणजे ओकारी झाली तरी ती फुफ्फुसात उतरत नाही. तोंडात पाणी घालणे, फेफरे आलेल्याच्या दातांत चमचा घालणे, नाकाशी कांदा वा चप्पल धरणे हे प्रकार शिकल्या-सवरलेल्या घरांतूनही अद्याप चालतात. पहिल्या दोन्हींनी श्वास कोंडू शकतो आणि तिसऱ्याने काहीच होत नाही. फेफऱ्याचा झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप ओसरतो. पाच मिनिटांहून अधिक चालला तर मात्र औषध हवे. आणि त्यासाठी शीर शोधत बसण्याचे कारण नाही, हे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीने दाखवून दिले. तीत पॅरामेडिकांनी स्नायूत दिलेले मिडाझोलाम शिरेतून दिलेल्या लोराझेपामपेक्षा कमी ठरले नाही.

पंगतीत घास अडकलेला माणूस जोरजोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. तो गप्प झाला, गळा धरून उभा राहिला, की थांबू नये. पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा माराव्यात. घास न निघाल्यास मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत. आणि हे आलटून पालटून करीत राहावे. गरोदर स्त्रीस पोटाऐवजी छातीवर झटके देतात. एक वर्षाखालील मुलास पोटावर झटके देऊ नयेत.

श्वसनाची गती मोजणे हे आपल्या रुग्णालयांतून सर्वाधिक उपेक्षिले जाणारे काम असावे. तक्त्यावर बहुतेक सर्व रुग्णांचा श्वास मिनिटाला अठरा किंवा वीसच असतो! पॅरामेडिक मात्र ते प्रत्यक्ष मोजतो, कारण बिघडणाऱ्या रुग्णात पुष्कळदा तीच खूण सर्वांत आधी दिसते. दम्याच्या रुग्णाच्या छातीतील शिट्टीसारखा आवाज एकाएकी कमी झाला आणि रुग्ण पेंगू लागला, तर तो बरा होत नसून थकला आहे आणि हवा आत जाणेच थांबत चालले आहे. तो आता अँबू बॅगेचा रुग्ण आहे.

श्वास आधी की नाडी आधी, या वादाशी आपल्या शहराचा एक जुना संबंध आहे, तो सांगण्याचा मोह होतो. क्लोरोफॉर्मखाली होणारे मृत्यू श्वास थांबून होतात की हृदय थांबून, हे ठरवण्यासाठी 1888 व 1889 साली दोन 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशने' नेमली गेली. त्यांमागे होते येथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी, आणि खर्चाचा भार सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी उचलला होता. लॉरी यांचा आग्रह असा की भूल देणाऱ्याने केवळ श्वासाकडे पाहावे, नाडीकडे मुळीच पाहू नये. पुढे 1911 साली गुडमन लेव्ही यांनी प्रयोगान्ती दाखवले की अपुऱ्या भुलीत क्लोरोफॉर्ममुळे हृदयाच्या कप्प्यांचे निष्फळ फडफडणे सुरू होऊन अकस्मात मृत्यू ओढवू शकतो. म्हणजे श्वासाकडे डोळ्यांत तेल घालून पाहण्याचा लॉरींचा धडा खरा होता, आणि नाडी सोडण्याचा खोटा. आजचा क्रम श्वासापासून सुरू होतो, पण नाडीपाशी थांबल्यावाचून पुढे जात नाही.

रक्ताभिसरणाची पाहणी करताना रक्तदाबाचे यंत्र सर्वांत शेवटी येते. हात थंड व घामेजलेले आहेत काय, नखावर दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परत येते काय, मनगटाची नाडी लागते काय? तरुण रुग्ण बरेच रक्त गमावूनही रक्तदाब काही काळ टिकवून धरतो, आणि मग एकदम कोसळतो.

मेंदूच्या पायरीवर एक अट अशी आहे की जिला अपवाद नाही. शुद्ध बदललेल्या प्रत्येक रुग्णाची रक्तशर्करा तपासावी. साखर कमी झालेला माणूस दारू प्यायल्यासारखा, वेड्यासारखा, फेफरे आल्यासारखा किंवा हुबेहूब अर्धांगवायू झाल्यासारखा दिसू शकतो. बोटाला टोचून काही सेकंदांत उत्तर मिळते आणि शिरेतून पंचवीस ग्रॅम डेक्स्ट्रोज दिल्यावर रुग्ण उठून बसतो. वैद्यकशास्त्रात इतका नाट्यमय उपचार क्वचितच असेल. मात्र ग्लिबेनक्लामाइड वा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारा रुग्ण उठून बसला म्हणून त्याला घरी ठेवू नये, कारण काही तासांनी साखर पुन्हा उतरते.

काही विशेष प्रसंग

हृदयक्रिया थांबणे हा सर्व प्रसंगांचा मेरुमणी. येथे पॅरामेडिकच्या आधी शेजाऱ्याचे काम आहे. छातीदाब न मिळाल्यास विजेच्या झटक्याने वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. रुग्णवाहिका दहा मिनिटांत आली तरी शेजाऱ्याचे हात नसतील तर ती बहुधा उशिरा आलेली असते. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील सतरा शहरांत झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे फार स्पष्टपणे दाखवले. तेथे त्वरित विजेच्या झटक्याची सोय आधीच होती. तीत श्वासनलिकेतील नळी व शिरेतील औषधे ही प्रगत कौशल्ये मिळवली, तरी वाचणाऱ्यांचे प्रमाण 5.0 टक्क्यांवरून 5.1 टक्क्यांवरच गेले. वाचण्याशी खरा संबंध होता तो कोणाच्या तरी डोळ्यांदेखत कोसळण्याचा, लगेच मिळालेल्या छातीदाबाचा आणि लवकर मिळालेल्या झटक्याचा. इंग्लंड व वेल्समध्ये झालेल्या 2018 सालच्या चाचणीत अ‍ॅड्रीनलिनमुळे महिनाभराने जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण 2.4 वरून 3.2 टक्के झाले, परंतु मेंदू शाबूत राहून वाचणाऱ्यांचे प्रमाण त्या मानाने वाढले नाही.

कृती सोपी आहे. माणूस हाक मारल्यास ओ देत नाही आणि त्याचा श्वास नेहमीसारखा चालत नाही, एवढ्यावर सुरुवात करावी. मधूनमधून मासळीसारखे तोंड उघडून घेतलेले आचके हा श्वास नव्हे. हृदय थांबल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत ते पुष्कळदा दिसतात आणि त्यांनीच भल्याभल्यांची फसगत होते. छातीच्या मध्यभागी तळहात ठेवून मिनिटाला 100 ते 120 या गतीने पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावे आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. शिकलेल्याने तीस दाबांमागे दोन श्वास द्यावेत. न शिकलेल्याने केवळ दाबत राहावे. गादीवर दाब वाया जातो, म्हणून रुग्णाला जमिनीवर घ्यावे. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. दाबणाऱ्याला आपण थकलो हे कळण्याआधीच त्याचा दाब उथळ झालेला असतो. झटक्याचे स्वयंचलित यंत्र उपलब्ध असल्यास ते उघडावे. पुढचे तेच सांगते.

अ‍ॅनाफिलॅक्सिस अर्थात प्राणघातक अ‍ॅलर्जी हा प्रसंग येथे घेतला आहे तो डॉक्टरांसाठी. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर, मधमाशी चावल्यावर किंवा एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी, श्वासाला घरघर, उलट्या आणि चक्कर अशी लक्षणे दिसली, की आपल्यापैकी अनेकांचा हात सवयीने एव्हिल आणि डेकाड्रॉनकडे जातो. ही दोन्ही औषधे त्या घटकेला रुग्णाला वाचवीत नाहीत. एव्हिलने खाज कमी होते आणि डेकाड्रॉनचा गुण दिसण्यास तास लागतात. वाचवते ते एकच औषध. मांडीच्या बाहेरच्या बाजूस मध्यभागी, स्नायूत, प्रौढ व्यक्तीस अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रीनलिन द्यावे, म्हणजे एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असलेल्या कुपीतील अर्धा मिलिलिटर. मुलांना किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. पाच मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा. हृदयविकार आहे, वय झाले आहे, म्हणून ते रोखून धरण्याचे कारण नाही. रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करावेत. धाप असल्यास बसू द्यावे, परंतु बरे वाटू लागले म्हणून उभे करून शौचालयापर्यंत चालवू नये. अशा रीतीने एकाएकी उभे राहताच झालेल्या मृत्यूंच्या नोंदी आहेत. पॅरामेडिकच्या पेटीत अ‍ॅड्रीनलिन वरच्याच कप्प्यात असते. आपल्या दवाखान्यातही ते कपाटाच्या मागच्या ओळीत, मुदत उलटून गेलेले, असे नसावे.

अर्धांगवायूसंबंधी दोनच गोष्टी लिहितो. चेहरा एका बाजूला ओघळला, हात उचलून धरता येत नाही, बोलणे अडखळते, यांपैकी एकही गोष्ट एकाएकी घडली तर घड्याळ पाहावे. आणि 'केव्हा लक्षात आले' यापेक्षा 'शेवटचे धडधाकट केव्हा पाहिले होते' ही वेळ लिहून ठेवावी. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची साडेचार तासांची मर्यादा तेथून मोजतात. दुसरे असे की वाढलेला रक्तदाब पाहून घाबरून जाऊ नये. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडण्याची जुनी रीत आता सोडलीच पाहिजे. गुठळीपलीकडचा मेंदू त्या वाढलेल्या दाबावरच तग धरून असतो. सीटी स्कॅन होण्यापूर्वी अ‍ॅस्पिरिनही देऊ नये, कारण रक्तस्राव आहे की गुठळी, हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही.

हृदयविकाराच्या झटक्यात मात्र 300 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन लगेच चावून खाण्यास द्यावे. सॉर्बिट्रेट देण्यापूर्वी रक्तदाब पाहावा, आणि पुरुष रुग्णास सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली आहे काय, हे कुटुंबीयांना दूर करून विचारावे. प्राणवायूचे प्रमाण 90 टक्क्यांच्या वर असेल तर प्राणवायूची गरज नसते. मधुमेही माणसांना आणि स्त्रियांना छातीत दुखण्याऐवजी केवळ घाम, मळमळ वा कमालीचा थकवा जाणवू शकतो. 'गॅस झाला आहे' हे निदान ईसीजी काढल्यावरच करावे.

तेलंगणात पॅरामेडिकला वारंवार भेटणारे आणखी दोन प्रसंग राहिले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशक प्यालेल्या रुग्णाच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ व घाम वाहतो आणि छातीत पाणी भरल्यासारखा आवाज येतो. तो आपल्याच स्रावांत बुडत असतो. कपडे काढून अंग धुवावे, हातमोजे घालावेत, घसा साफ करावा, आणि अ‍ॅट्रोपिन द्यावे; पाच मिनिटांत गुण न आल्यास दुप्पट, पुन्हा दुप्पट. छाती कोरडी होईपर्यंत हात आखडता घेऊ नये. बाहुल्या मोठ्या झाल्या वा नाडी वाढली म्हणून थांबणे योग्य नाही. घरच्यांनी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. डबा मात्र सोबत द्यावा.

उष्माघात हा दुसरा. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात काम करणारा माणूस बरळू लागला आणि अंग तापले, तर तो 'आधी थंड करा, मग न्या' या जातीचा रुग्ण आहे. तेथेच कपडे सैल करून भरपूर पाणी ओतावे, पंखा लावावा, बर्फाचे पाणी मिळाल्यास उत्तम. शरीराचे तापमान अर्ध्या तासात 39 अंश सेल्सिअसच्या खाली आणणे हे उद्दिष्ट. पॅरासिटामॉलचा येथे उपयोग नाही. धावतपळत रुग्णालयात नेण्याच्या घाईत हा उपचार राहून जातो.

गाडी येईतो आणि आल्यावर

108 वर बोलताना प्रथम पत्ता सांगावा, मग रोग; फोन मध्येच तुटला तरी गाडी निघालेली असते. सुलतान बाजार वा काचीगुड्याच्या जुन्या गल्ल्यांत गाडी घरापर्यंत येत नाही. एकाने मुख्य रस्त्यावर उभे राहावे, जिन्यातल्या सायकली हलवाव्यात, रात्र असल्यास दारातला दिवा लावावा. फोनवरील माणूस प्रश्न विचारीत बसला म्हणजे गाडी थांबली आहे, असे नव्हे.

रस्त्यावरील अपघातग्रस्ताला मदत केल्यास पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती आता कायद्याने उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसे कलमच आले.

शेवटचा टप्पा रुग्णालयाच्या दारातला. पॅरामेडिक रुग्ण सोपवताना अर्ध्या-एक मिनिटात सांगतो की काय घडले, केव्हा घडले, काय सापडले, काय दिले आणि त्याने काय फरक पडला. ड्यूटीवरील डॉक्टरांनी या अर्ध्या मिनिटात रुग्णाला हात न लावता केवळ ऐकावे, अशी पद्धत काही देशांत आहे. ती आपल्याकडे यावयास हवी. घरातली जमीन, उलटीचा रंग, रिकामी गोळ्यांची पाकिटे, हे सारे पाहिलेला माणूस तो एकटाच असतो, आणि तो पाच मिनिटांत दुसऱ्या फोनवर निघून जाणार असतो.

त्याचे काम सोपे करण्यासाठी घरोघरी एक गोष्ट करता येईल. औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवावा. मराठीचा अभिमान बाळगण्यास अन्य पुष्कळ जागा आहेत. हा कागद इंग्रजीत वा तेलुगूत असावा. त्यावर नाव व वय, चालू औषधे आणि त्यांची मात्रा, मधुमेह, दमा वा फेफऱ्याचा विकार, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय, हृदयात स्टेंट वा पेसमेकर आहे काय, आणि नेहमीच्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक असावा. औषध बदलले की कागदही बदलावा, आणि त्यावर तारीख टाकावी.